गोधडीवर काय लिहिलंय?

गेल्या शनिवारी दुपारी हॅम्बर्गमध्ये, आल्टोनाच्या एका चौकात, एका पोलीस बाईंनी गोधडीवर बोट ठेवून विचारलं, "हे काय लिहिलंय?" ...आणि मी गप्प बसले. त्या अख्ख्या चौकात ते वाचता येणाऱ्या आम्ही दोघीच होतो. मी आणि माझ्या सासूबाई.

थोडं आधीपासून सांगते. आमच्या भागात बायकांचा एक गट आहे, दर मंगळवारी संध्याकाळी जमतो. कधी बायकांच्या प्रश्नांवर बोलणं, कधी मोर्चासाठी बोर्ड रंगवणं, कधी नुसतीच कॉफी.

तिथली रीमा माझी मैत्रीण. ऊद नावाचं तंतुवाद्य फार सुंदर वाजवते. तिचं माहेर गाझामधलं... 'आहे' लिहू की 'होतं', मला अजूनही कळत नाही.

तिच्या घरातल्या, गल्लीतल्या ज्या बायका या युद्धात गेल्या, त्यांच्या नावांची एक गोधडी शिवायची असं गटाने ठरवलं. प्रत्येकीने एक चौकोन घ्यायचा, एक नाव घ्यायचं, आणि ते आपल्या लिपीत भरायचं.

सासूबाई तेव्हा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. घरात कंटाळतात म्हणून एका मंगळवारी सोबत नेलं. ना जर्मन येत, ना इंग्लिश... पण रीमाचं भरतकाम हातात घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, हा तर आपला फुलीचा टाका!" पुढच्या मंगळवारी त्या सगळ्यांना धावदोरा शिकवत होत्या.

आम्हा दोघींत मिळून एक चौकोन, आणि वाट्याला सुआद हे नाव आलं. रीमाची सगळ्यात मोठी मावशी, गल्लीतल्या पोरांचे शाळेचे गणवेश शिवायची. सासूबाईंनी लाल दोऱ्याने भरलं, 'सुआदताई'. मी म्हटलं, अहो आई, नुसतं नाव हवंय. तर म्हणाल्या, "माझ्यापेक्षा वयाने मोठी बाई ती. नुसतं नाव कसं घालू?"

गोधडी एका हॉलमध्ये लावायची होती, रीमा वाजवणार होती. दोन दिवस आधी हॉलवाल्यांचा मेल आला. सध्याच्या परिस्थितीत जागा देता येणार नाही, क्षमस्व... बास, इतकंच. मग गटाने रीतसर नोंदणी करून कार्यक्रम चौकात ठेवला.

आणि आमच्या घरी वाजलं. माझा आइनब्युर्गेरुंगचा, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज आठ महिने पडून आहे. माझा नवरा नीलेश म्हणाला, "शिवलंस ना? झालं. आता चौकात उभं राहायची काय गरज आहे?" मी भांडले त्याच्याशी. पण खरं सांगू? आतून मलाही तेच वाटत होतं... शेवटी ठरलं, कडेला उभं राहायचं आणि अर्ध्या तासात घरी.

चौकात आम्ही वीस-बावीस बायका आणि जवळपास तितकेच पोलीस. गोधडी अजून घडी घातलेलीच होती. परक्या भाषेत काय लिहिलंय ते कळल्याशिवाय उघडी लावता येणार नाही, असं त्या पोलीस बाईंनी सांगितलं. आवाज चढवला नाही, पण हसल्याही नाहीत.

रीमाने स्वतःचा अरबी चौकोन वाचून दाखवला. मग पुढची घडी उलगडली आणि पोलीस बाईंचं बोट आमच्या चौकोनावर आलं.

आपलं नाव कुठे नोंदलं गेलं तर? अर्जाचं काय? आईंच्या व्हिसाचं काय? रीमाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. मला अडचणीत आणायचं नव्हतं तिला... ते जास्त लागलं.

तेवढ्यात आई माझ्या बाजूने पुढे गेल्या. बोट दिसलं होतं, तेवढं त्यांना पुरलं. छातीवर हात ठेवून चक्क मराठीत म्हणाल्या, "माझं आहे." आणि मग मागे वळून मला, "अगं, ती विचारतेय ना? सांग की तिला."

मी गेले. सांगितलं, हे एका बाईचं नाव आहे, सुआद. ताई म्हणजे मोठी बहीण.

"यांची बहीण?" पोलीस बाईंनी आईंकडे बघून विचारलं. मी आईंना सांगितलं, तर त्या क्षणभरही थांबल्या नाहीत. "हो म्हणून सांग."

"या," मी जर्मनमध्ये म्हणाले. हो.

माझा आउसवाइस, म्हणजे ओळखपत्र, मागितला. आईंचा पासपोर्टही. दोन्हींवरून नावं उतरवून घेतली.

पुढचा चौकोन रूथचा. सत्तरी ओलांडलेली, ज्यू. तिने हिब्रूत भरलेलं नाव वाचलं... पण पोलीस बाईंपुरतं नाही, चांगलं खणखणीत, चौकाला ऐकू जाईल असं. मग पुढचीनेही तसंच वाचलं. मग त्यापुढचीने.

सहाव्या-सातव्या नावाला रस्त्याने जाणारी माणसं थांबली. एकाने सायकल भिंतीला लावली. आम्ही जी भाषणं ठरवली होती ती कुणीच केली नाहीत. तपासणी चालू होती आणि तोच कार्यक्रम झाला होता... एकेक नाव, आणि प्रत्येक नावानंतर पोलीस बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या.

शेवटचं नाव झालं. त्यांनी वही मिटली, गोधडीकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "लावा." रीमा खाली फरशीवरच बसली आणि वाजवायला लागली. आम्हाला शब्द माहीत नव्हते, आम्ही नुसतं गुणगुणलो.

घरी नीलेशने सगळं ऐकून घेतलं. मग आईंना विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

"वाटली की," त्या म्हणाल्या. "पण नाव विचारलं तर सांगायला नको?"

आई परवा परत गेल्या. माझ्या अर्जाचं पत्र अजून आलेलं नाही, आणि लेटरबॉक्स उघडताना आता जरा जास्तच धडधडतं. ही पोस्ट तीन दिवस ड्राफ्टमध्ये ठेवली होती, 'ओन्ली फ्रेंड्स' करू का, असा विचार करत.

पब्लिक ठेवतेय. थँक यू, आई.