वन्सनी पाग टांगला

धसईच्या बाजारात तांदूळ मोजून घेत होते, तेवढ्यात शेजारचा तुकाराम धावत आला. "वयनी, घरी चला... हिराताय गेली." माप तिथंच टाकून मी निघाले. वाटभर एकच मनात येत होतं, आता मला रागं कोण भरणार?

हिराताय म्हणजे माझ्या वन्स, थोरल्या नणंद. ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आल्या, आणि घरातच काय, गावातही त्यांचाच शब्द चालू लागला. बोलणं फटकळ. न्याय मात्र सगळ्यांना एकच.

आमच्या गावची रीत जुनी आहे. ज्येष्ठ-आषाढात मासळी अंडी घालायला नदीतून ओढ्यांत चढते, तेव्हापासून नारळी पुनवेपर्यंत कुणी पाग, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, पाण्यात टाकायचा नाही. टाकलाच, तर तो गावदेवीच्या आंब्याला वर्षभर टांगायचा. पुढं सरकारनं नदीतली मासळी लिलाव करून मक्त्यानं दिली. मक्तेदाराला रीतीचं काय? त्यानं ओढ्याच्या तोंडाशीच बारीक जाळी लावली. दोन वर्षांत नदीत बोटाएवढा मासा दिसेना. वन्स मला म्हणाल्या, "वयनी, तू चार बुकं शिकलीस ना? लिव अर्ज. मक्ता खुशाल द्या, पर हे म्हैने नदी बंद, आसं मक्त्यातच लिवा." मी लिहिला. मामलेदार स्वतः पाहायला येणार असं कळलं.

आणि त्याच आषाढात मला सातवा महिना होता. डोहाळे लागले ते नेमके गाभोळीचे! ह्यांना माझी दया आली, पहाटे पाग टाकून आले. खोटं कशाला बोलू, बोटं चाटून खाल्ली मी ती अंडी. चुलीपाशी खवले बघून वन्स माझ्याकडं वळल्या.

"अर्ज तूच लिवलास ना गो?"

"डोहाळे मोडू नयेत म्हणतात..." मी रडायला लागले.

त्या तडक ओसरीवर गेल्या. सख्ख्या भावाचा पाग खांद्यावर घेतला आणि भर गावातून जाऊन आंब्याला टांगला. हे मागून ओरडत होते, "भावाचं नाक कापतेस?" मला तर धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. फार राग आला होता मला त्यांचा.

मामलेदार आले तेव्हा मक्तेदार हसून म्हणाला, "साहेब, हे लोक स्वतःच गाभोळी खातात."

"खाल्ली," वन्स पुढं झाल्या. "माज्याच घरात खाल्ली. आन् तो बघा माज्या भावाचा पाग. आता ह्याची जाळी कोन टांगनार, ता तुमी सांगा."

मामलेदारांनी आंब्याखाली जाऊन तो पाग स्वतः पाहिला. पुढच्या लिलावात बंदीची अट आली.

हे मात्र बहिणीशी बोललेच नाहीत. एका घरात, एका चुलीवर... इतकी वर्षं. भाऊबीजेला ओवाळून घ्यायचे, तेही मान खाली घालून. वन्सनीही कधी माफी मागितली नाही.

वन्स गेल्या, ते ज्येष्ठाच्या अखेरीस, बंदीच्याच दिवसांत. सुतक फिटलं, तिखटाचं, म्हणजे मासळीचं, जेवण करायचं ठरलं. वन्सना मासे फार आवडायचे. भावकीतली चार माणसं पाग घेऊन उठली. "हिरातायसाठी एक दिस चालतंय. कोन काय बोलनार हाय?"

हे ओसरीवरून उठले आणि दारात आडवे उभे राहिले.

"मी बोलनार," म्हणाले. "खाली ठेव तो पाग. मागल्या टायमाला ताय बराबर होती... आन् मी तिला कदी सांगितलं नाय."