एका वाक्याचा हिरो

एकाच विनोदावर सहा वर्षं काढणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि तो नेमका माझा साडू निघावा हा माझ्यावर झालेला सर्वांत मोठा अन्याय आहे. शेजारी असता तर घर बदललं असतं. साडूचं काय करता? त्याची बायको माझ्या बायकोची थोरली बहीण. त्यामुळे लग्न असो, बारसं असो, हा आधीच येऊन मधल्या खुर्चीत बसलेला, आणि भोवती माणसंच माणसं.

मालेगावात त्याचं खताबियाण्यांचं दुकान आहे. वजन भरपूर, चाल सावकाश. कबड्डीशी त्याचा संबंध एवढाच, की आमची दोघांची सासुरवाडी आसेगावची आणि आसेगावात दरवर्षी कबड्डीचे सामने होतात. तिथली एक रीत आहे. सामन्यांचा माइक गावच्या जावयाकडे द्यायचा. आमचा मेहुणा मंडळाचा अध्यक्ष. तो म्हणतो, "गावातल्या माणसानं गुण चुकवला तं भांडण होते. जवायाले कोण बोलते?" साडू थोरला जावई, पण माइक पाहिला की त्याच्या तोंडचं पाणी पळायचं. म्हणून सोळा वर्षं माइक माझ्याकडे होता. एरवी मी शाळेत गणित शिकवतो, तिथं माझ्या बोलण्यावर कोणी हसत नाही. पण वर्षातले ते तीन दिवस मी राजा असायचो. एखादा खेळाडू मधल्या रेषेवरूनच परत फिरला की मी म्हणायचो, "पाहुणे चहा न घेताच निघाले!" आणि मैदान डोलायचं. माझी बायको बायकांच्या घोळक्यात बसून तोंडाला पदर लावायची.

मग पिक्चरवाले आले. कबड्डीवरच्या विनोदी पिक्चरसाठी त्यांना एक जाडा खेळाडू हवा होता. दिग्दर्शक माझ्यापाशी येऊन चौकशी करू लागला. मी चालू माइकवरूनच साडूकडे बोट दाखवलं, "हे घेऊन जा! हे उभे राह्यले की अर्धं मैदान तिथंच संपते!" लोक पोट धरून हसले. दिग्दर्शक हसला नाही, त्यानं साडूला नेलं. एवढा महागात पडलेला विनोद मी आयुष्यात दुसरा केला नाही.

त्या पिक्चरमध्ये साडू चढाईला जातो आणि सात जण त्याच्यावर पडतात. ढिगाखालून फक्त एक हात बाहेर येतो, पंचांना थांबायची खूण करतो, आणि आतून आवाज येतो, "पंचसाहेब, मी बाद नाई हो! मी आराम करून राह्यलो!" वाशीमच्या थेटरात लोक खुर्च्यांवर उभे राहिले. मी बायकोकडे पाहिलं. ती डोळे पुसत होती. माझ्या कुठल्याही वाक्याला तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. निदान हसून तरी. त्या वर्षी आसेगावात माइक साडूच्या हातात गेला. मेहुणा मला म्हणाला, "जवाईबापू, यंदा तुमी निवांत बसून पाहा."

निवांत! तिथून पुढे साडूनं ते वाक्य खाली ठेवलंच नाही. एसटीत पेंगताना कंडक्टरनं हलवलं, की तेच. पंगतीत वाढपी पुढे निघाला, की हात वर करून तेच, म्हणजे जिलेबी परत यायची. दात काढायला गेला तेव्हा तोंडात चिमटा असताना त्यानं हात वर केला, आणि डॉक्टरांनी हौसेनं चिमटा बाहेर काढून त्याला बोलू दिलं. एका तेरवीला तो जेवून सतरंजीवर आडवा झाला. घरच्यांनी काळजीनं विचारलं, "काका, बरं वाटून राह्यलं ना?" मी दुरून डोळे वटारत होतो. त्यानं हात वर केलाच. आणि ते रडवेलं घर हसलं! अशा माणसावर जळू नये तर काय करावं?

पिक्चरचा दुसरा भाग आला, त्यात खो-खो होता. तिसऱ्यात क्रिकेट. खेळ बदलले, वाक्य तेच. क्रिकेटमध्ये अंगावर सात जण पडणार कसे? म्हणून त्याला खेळपट्टीच्या रोलरशेजारी झोपवला होता. मी थेटरात बसून मोजत होतो. पहिल्या खेपेला पंधरा जण हसले. नवव्या खेपेला फक्त साडूची बायको, तीही त्याच्यासोबतच घरी जायचं होतं म्हणून. मला इतका आनंद झाला, की मध्यंतरात अख्ख्या रांगेला वाटलेले समोसेही मला कमी वाटले.

यंदा आसेगावात पहिली पकड झाली. ढीग पडला. साडू माइकवर म्हणाला, "हा बाद नाई हो! आराम करून राह्यला!" सारं मैदान गप्प. त्यानं तेच पुन्हा जरा मोठ्यानं म्हटलं. मागून कोणीतरी ओरडलं, "काका, लय आराम झाला, आता गुण सांगा!" त्यावर मात्र हशा पिकला. साडूही हसला, पण माइकची वायर बोटाला गुंडाळू लागला. दोन चढायांनंतर मेहुण्यानं माइक त्याच्याकडून घेऊन माझ्या हातात ठेवला.

सहा वर्षं मी या घटकेची वाट पाहत होतो. ऐटीत उभा राहिलो, घसा साफ केला आणि ठेवणीतला एक विनोद सोडला. कोणी हसलं नाही. पोरं मोबाइल पाहत होती. बायको शेजारणीशी बोलत होती. हसला फक्त साडू. मांडीवर थाप मारून, खुर्ची करकरेपर्यंत. शेजारच्याला सांगत होता, "ऐकलं का? आमचे साडभाऊ हायेत! लय हसवते हा माणूस!" मी दुसरा विनोद टाकला. तो त्यालाही तसाच हसला. त्याला तो तोंडपाठ असणार. सोळा वर्षं तो पहिल्या रांगेत बसायचा आणि हसायला सुरुवात नेहमी तोच करायचा, हे मला तेव्हा आठवलं. मला वाटायचं, मैदान हसतं आहे. आणि त्याच्या सहा वर्षांत मी एकदाही हसलो नव्हतो.

तिसऱ्या विनोदाला हसता हसता त्याला खोकला लागला. वय झालंय आता त्याचं. पंच माझ्याकडे पाहत होते. मी गुण सांगितले, आणि पुढचं वाक्य ओठांवर आलेलं असूनही थोडा थांबलो, त्याचा श्वास जागेवर येईपर्यंत.