खांबावरची खाच

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या सासुरवाडीचे नाही.

आधी माझा उद्योग सांगतो. हवामान बदलतंय हे ज्यांना पटत नाही, त्यांच्याशी न भांडता कसं बोलावं — हे मी साताऱ्याहून गावोगाव जाऊन शिकवतो. चांगलं शिकवतो, उगाच कशाला लाजू? पहिला धडा: समोरच्याला विचारा, तुम्ही काय पाहिलंत? आणि गप्प बसून ऐका. दाखल्याला आबांची गोष्ट. आबा म्हणजे माझे सासरे — निवृत्त सुभेदार, सांगलीजवळ कृष्णाकाठी घर. 'मी ऐकून घेतलं आणि त्यांना पटलं' — इथे टाळ्या पडतात.

ऐकून घेतलं होतं, एवढं खरं आहे. पुढचं —

महापूर ओसरल्यावर मेव्हण्यानं सोप्याच्या भिंतीवर पाण्याच्या उंचीला लाल रेघ ओढली. आबांनी मला शेजारच्या लाकडी खांबापाशी नेलं. त्यावर पटाशीनं मारलेली खाच होती, आबांच्या लहानपणीच्या पुराची; त्यांच्याशिवाय ती कुणाच्या ध्यानातही नव्हती. लाल रेघेच्या चांगली वीतभर वर.

"आमच्या वडलांनी मारली, मी खाली स्टूल धरलं व्हतं. तवा गाड्या किती व्हत्या, जावईबापू? कारखानं किती? का आमच्या म्हशी धूर सोडत व्हत्या?"

आत सगळं घर हसलं. बायको जरा जास्तच.

एका खाचेनं हवामान ठरत नाही, पूर किती वेळा येतो तेही बघावं लागतं — उत्तर होतं की माझ्याकडे! पण ते पटवायला धीर लागतो. आणि सासुरवाडीत हसं झालेल्या जावयाला कुठला आलाय धीर?

रंगरंगोटी निघाली, लाल रेघ तेवढी तशीच ठेवायची ठरली, तेव्हा खांब रंगवायचं काम मी मागून घेतलं. सासूबाईंनी कौतुकानं दोनदा चहा दिला. दोन चहांच्या मधे मी खाचेत रंगाऱ्यांची लांबी भरून ती बुजवली — आणि तशीच दुसरी खाच मारली. रेघेच्या वीतभर खाली. वरून तेलरंग. जुनं-नवं एक झालं.

दिवाळीत विषय मीच काढला. सगळ्यांना घेऊन खांबापाशी गेलो.

आबांनी खाच पाहिली. रेघ पाहिली. खांबावरून वरपर्यंत हात फिरवला.

"वर व्हती रं..."

"आबा, वय झालं आता तुमचं," मेव्हणा म्हणाला.

मी काय केलं? समजूतदारपणे मान हलवली. ते मला छान जमतं.

त्या दिवसापासून आबा वाद घालत नाहीत. हवामानावर नाही, कशावरच नाही. गोळी घेतली का, हेही सासूबाईंना विचारून घेतात. मागच्या खेपेला मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "जावईबापू, मी स्टूल तरी धरलं व्हतं का? का तेबी न्हाई?"

मी म्हणालो, असेल, आबा.

काल पाटणला कार्यक्रम होता. आबांची गोष्ट सांगितली. टाळ्या पडल्या.