कंट्रोल पायी निघते

माझ्या सासूबाईंना सगळे 'कंट्रोल' म्हणतात. बायको भांडताना म्हणते, शेजारीपाजारी प्रेमानं म्हणतात आणि मी मनातल्या मनात म्हणतो, कारण जावयानं तोंडावर 'आई'च म्हणायचं असतं. हे नाव पडलं नोकरीवरून. टायरच्या दुकानावरच्या खोलीत एका टॅक्सी कंपनीचं वायरलेस होतं आणि लग्नाआधीपासून निवृत्तीपर्यंत या बाई तिथे बसून शहरभरच्या टॅक्सी हलवत होत्या. समोर भिंतभर नकाशा, टेबलावर प्रत्येक टॅक्सीची एक लाकडी सोंगटी, पायाखाली माईकचं बटण. तोंडानं एकाला वळवायचं, हातानं दुसऱ्याची सोंगटी सरकवायची, कानानं तिसऱ्याची तक्रार ऐकायची. शिवाय कुठल्या गिऱ्हाइकाला विमान गाठायचंय आणि कुठल्याला नुसतं भांडायचंय हे डोक्यात ठेवायचं ते वेगळंच. ज्या दिवशी डबा उघडायला फुरसत मिळाली तो दिवस हलका समजायचा.

घरातही त्या माणसांना नंबरानंच हाक मारतात. बायको एक नंबर, कारण ती त्यांची एकुलती एक. आमची सात वर्षांची मुलगी चाळीस नंबर, कारण त्या नंबरची टॅक्सी कंपनीत सगळ्यात नवी आणि सगळ्यात लाडकी होती. मी बारा नंबर. मूळचा बारा नंबरचा ड्रायव्हर सज्जन होता, पण 'आलोच' म्हणून अर्धा तास उगवायचा नाही, एवढंच मला आजवर कळलंय. जास्त खोलात मी जात नाही.

अशा बाईला भीती कशाची वाटावी? एकाच गोष्टीची. त्यांची आई शेवटची काही वर्षं सगळं विसरली होती. कंट्रोल रोज तिला हातानं भरवायच्या आणि ती रोज अगदी अदबीनं विचारायची, "बाई, तुम्ही फार चांगल्या आहात. तुमच्या घरी कोण कोण असतं?" कंट्रोल हे सांगताना हसतात. पण दूध उतू गेलं किंवा कपाळावरचा चष्मा घरभर शोधून झाला, की त्या जागच्या जागी थिजतात. "सुरू झालं," असं म्हणतात.

एका रविवारी मी पेपर वाचत होतो. आतल्या पानावर बातमी होती की ज्यांच्या नोकरीत रोज भरपूर डोकं चालवावं लागतं, त्यांच्यात म्हातारपणी स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी आढळतं. मी सहज मोठ्यानं वाचली. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"पुन्हा वाचा," आतून आवाज आला.

मी पुन्हा वाचली. कंट्रोल हात पुसत बाहेर आल्या आणि माझ्यासमोर बसल्या.

"नुसतं 'डोकं' लिहिलंय की 'भरपूर डोकं'?"

"भरपूर."

"परत एकदा."

तिसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांनी पेपर माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि शिट्टी वाजवली. मी त्यांना त्याआधी कधी शिट्टी वाजवताना ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं मानेवर बसलेलं भूत एका रविवारी उतरलं होतं, आणि उतरता उतरता त्यानं बाईंना हवेत सोडून दिलं होतं. त्या दिवशी दोनदा चहा झाला, तिसऱ्यांदा शेजारणीला बोलावून झाला.

पुढचे काही दिवस आमच्या इमारतीत कुणाचीच खैर नव्हती. जो भेटेल त्याला कंट्रोल जिन्यात अडवून कामाची चौकशी करत आणि तिथल्या तिथे निकाल देत. तळमजल्यावरचा शिंपी पास, कारण तो पन्नास जणांची मापं डोक्यात ठेवतो. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त न्यायाधीश काठावर. "तारीख पुढे ढकलायला किती डोकं लागतं?" असं त्यांनी न्यायाधीशांच्या बायकोलाच विचारलं. त्या बाई इतक्या खूष झाल्या की त्यांनी वरून खाली येऊन हे आम्हाला पुन्हा सांगितलं.

मग माझी पाळी आली. मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे.

"तुम्ही तिथे नेमकं करता काय हो?"

"काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. नंबर तपासतो."

"नंबर मशीन सांगतं ना?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे फार मायेनं पाहिलं. "बारा नंबर, तुम्ही काही काळजी करू नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही विसरलात तरी आम्ही आहोत ना." त्या संध्याकाळी मी गुपचूप पेपरातलं शब्दकोडं सोडवायला घेतलं आणि पहिल्याच आडव्या शब्दाला अडकलो. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, उभे आधी कर.

या भरात कंट्रोलनी मागणी टाकली. नात शाळेच्या व्हॅननं येते ती बंद करा, तिला मी आणणार. बायको का-कू करत होती, पण पेपरची घडी तिच्या नाकासमोर नाचवली गेल्यावर तिनं व्हॅन बंद केली. शाळा तशी जवळच. आमच्या गल्लीतून बाहेर पडलं की नाकासमोर सरळ. पहिल्या दिवशी कंट्रोल नवे बूट घालून निघाल्या. नातीला आणायचं म्हणजे त्यांच्या लेखी निवृत्तीनंतर पुन्हा ड्युटीवर रुजू होणं होतं. जाताना जिन्यात गुणगुणत होत्या.

शाळा सुटली. मुलं घरोघर पोचली. आमची पोचली नाही. बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, तिनं तिथून फोन लावला.

"आई, कुठे आहेस?"

"टाकीपाशी."

"कुठली टाकी? आई, कुठे आहेस तू? नीट सांग, कुठे आहेस?"

पलीकडून फोन बंद झाला. बायकोनं मला फोन केला तेव्हा तिचा आवाज ऐकूनच मी गिऱ्हाईक तसंच सोडून धावलो. शाळा पालथी घातली, बाग पालथी घातली, आणि शेवटी भाजीबाजाराच्या पार पलीकडे, जिथे आमच्यापैकी कुणाचं काही काम नसतं, तिथे एका न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीवर दोघी बसलेल्या दिसल्या. चाळीस नंबर केळं खात होती आणि एकदम मजेत होती.

"बाबा, आम्ही खूप फिरलो. आजी वळताना हात दाखवते."

आजी मात्र माझ्याकडे बघत नव्हत्या. नव्या बुटांकडे बघत होत्या. "सुरू झालं, बारा नंबर," त्या म्हणाल्या. मी उरलेलं अर्धं केळं खाल्लं.

घरी बायकोनं दोन गोष्टी ठरवल्या. उद्यापासून पुन्हा व्हॅन, आणि आईला डॉक्टरांकडे न्यायचं. कंट्रोलनी वादच घातला नाही. वाद न घालणाऱ्या कंट्रोल मी पहिल्यांदाच बघत होतो आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं तारीख विचारली, वार विचारला, तीन शब्द सांगून थोड्या वेळानं ते परत विचारले. शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. कंट्रोल इतक्या झपाझप उतरत गेल्या की डॉक्टरनंच मध्ये हात वर केला. मी बाजूला बसून मनात करत होतो आणि शहाऐंशीवर रुतलो होतो. मग डॉक्टरनं कोरा कागद पुढे सरकवला.

"आजी, शाळेपासून घरचा रस्ता काढून दाखवा. त्या दिवशी नातीला घेऊन निघालात तसाच."

कंट्रोलनी पेन घेतलं आणि चुटकीसरशी अर्धं शहर उतरवलं. शाळा, फाटक, तिथून डावीकडे, पेट्रोल पंपाला वळसा, गोल चौक, पुलाखालून, भाजीबाजाराच्या मागून. मी मान वाकडी करून बघत होतो.

"आई, घर तर समोर सरळ आहे. तुम्ही डावीकडे कशाला वळलात?"

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तो रस्ता वन-वे आहे."

डॉक्टरचं पेन थांबलं. बायकोनं डोळे मिटून घेतले.

"आई," मी जमेल तितक्या हळू म्हटलं, "तुम्ही पायी होतात."

कंट्रोलनी कागदाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा कागदाकडे. त्यांच्या तोंडाचा हळूहळू चंबू झाला, खांदे हलायला लागले आणि मग त्या जे हसत सुटल्या ते थांबेचनात. डॉक्टर हसली, बायको हसता हसता रडली, बाहेरून नर्स डोकावून गेली. आयुष्यभर खुर्चीत बसून शहर चालवलेल्या बाई पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी निघाल्या आणि वाहतुकीचे सगळे नियम पाळत, वळणावर हात दाखवत, मैलभर भलतीकडे गेल्या.

हसून झाल्यावर डॉक्टरनं विचारलं, "पण मग हरवलात कशा?"

"टाकी नव्हती," कंट्रोल म्हणाल्या. "ऑफिसच्या नकाशात त्या कोपऱ्यावर पाण्याची टाकी आहे. तिथे काचेची मोठी इमारत उभी. आणि ही फोनवर ओरडायला लागली. मग सगळं पांढरं झालं. ते मात्र खरं. अगदी पांढरं." आता त्या हसत नव्हत्या. त्यांनी पर्समधून बातमीची घडी काढून टेबलावर ठेवली. "हे बरोबर आहे का?"

डॉक्टरनं वाचलं. "बरोबर आहे. डोक्याची कामं केलेल्यांमध्ये कमी दिसतं. पण कामामुळे कमी होतं, की शिक्षणामुळे, की मुळात तल्लख माणसंच अशा कामांना लागतात, हे अजून नीट सुटं करता आलेलं नाही. आणि कमी म्हणजे शून्य नव्हे."

"म्हणजे मी विसरणार की नाही?"

"माहीत नाही, आजी. आजची तपासणी उत्तम आहे. पुढच्या वर्षी परत या."

मला वाटलं, आता भूत परत मानेवर बसणार. पण कंट्रोलनी मान डोलावली. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "पोरगी चांगली आहे. रस्ता माहीत नसला की माहीत नाही म्हणते. माझे निम्मे ड्रायव्हर हेच कधी शिकले नाहीत."

घरी आम्ही त्या वन-वेवरून उलटे चालत आलो. कंट्रोल फुटपाथवरून चोरासारख्या पावलं टाकत होत्या, मागे वळून बघत होत्या आणि दर दहा पावलांनी फिसकन हसत होत्या. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी लेकीचा हात धरला.

"एक नंबर, ऐक. हरवलेल्याला 'कुठे आहेस' असं कधी विचारू नये. त्याला ते माहीत असतं तर तो हरवला असता का? त्याला विचारायचं, समोर काय दिसतंय. तो सांगतो. मग आपण सांगायचं, डावीकडे की उजवीकडे. आवाज चढवायचा नाही. तीस वर्षांत मी एकही टॅक्सी रस्त्यावर सोडून घरी गेले नाही."

बायको तशी तापट आहे, पण त्या दिवशी तिनं आईचा हात बराच वेळ सोडला नाही. व्हॅन पुन्हा बंद झाली, मात्र एका अटीवर. अट कंट्रोलनीच घातली: आम्ही सगळ्यांनी सराव करायचा.

या सरावानं आमच्या नाकी नऊ आणले. कधीही फोन वाजायचा आणि कंट्रोल म्हणायच्या, "मी हरवले." त्या बाथरूममध्ये असायच्या. एकदा शेजारणीच्या कपाटामागून केला. बायको गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध देता देता शांतपणे विचारायची, "समोर काय दिसतंय?" आणि पलीकडून उत्तर यायचं, "जुन्या गाद्या." आवाज चढला की नापास, घाई केली की नापास. चाळीस नंबर पहिल्याच फेरीत पास झाली. मी तीनदा नापास झालो, कारण मला हसू यायचं.

परवा सकाळी मी दुकानात एका फ्रेमचा स्क्रू बसवत होतो. फोन वाजला.

"मी हरवले," त्या म्हणाल्या.

सरावाच्या वेळी त्यांच्या आवाजात बारीकसं हसू लपलेलं असतं. मी ते शोधलं. सापडलं असं वाटलं, मग वाटलं नाही.

"समोर काय दिसतंय?"

"रस्ता. पलीकडे एक दुकान आहे. काचेत चष्मे मांडलेत."

मी मान वर केली. रस्त्यापलीकडे दिव्याच्या खांबाशी त्या उभ्या होत्या, फोन कानाला, नजर सरळ माझ्यावर.

"आणखी काय दिसतंय?"

"आत एक माणूस आहे. तोही फोनवर बोलतोय."

"कसा आहे?"

त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला. "चांगला दिसतो."

मला हसू आलं नाही. मी आवाज खाली ठेवला. दोन्हीकडे गाड्या बघा, म्हटलं, आणि मग सरळ त्या माणसाकडे या. त्यांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं आणि रस्ता ओलांडला. तो सराव होता का, हे मी त्यांना विचारलं नाही. दार उघडून धरलं आणि त्या आत येईपर्यंत फोन कानालाच ठेवला.