मी मारलेला फ्रेंच कादंबरीकार

उदबत्तीचा वास आला की मला कोल्हारचं वाचनालय आठवतं, आणि तिथं भर सभेत मी मारलेला एक फ्रेंच कादंबरीकार. एकाहत्तर-बाहत्तरची गोष्ट असेल. मी शाळेत नवा मास्तर, नोकरी अजून कायम व्हायची होती, आणि मुख्याध्यापकांनीच त्या लेखकाच्या जीवनावर आणि साहित्यावर माझं व्याख्यान ठेवलं. त्याची एकच भाषांतरित कादंबरी मी वाचली होती, तीही अर्धी. तो सिनेमाच्या पटकथा लिहितो, एवढं मलपृष्ठावर कळलं होतं. तरी मी तासभर बोललो. जन्म झाला, कादंबऱ्या झाल्या, सिनेमे झाले. पण मृत्यूशिवाय जीवनचरित्र संपवायचं कसं? मग मी त्याला पॅरिसमध्ये, अर्धवट पटकथेवर डोकं ठेवून मरण दिलं. समोरच्या दोघा-तिघांनी उपरण्यानं डोळे टिपले. अध्यक्षस्थानी असलेले पाटील उठले, ‘लई वाईट झालं. दोन मिन्टं उभं ऱ्हाऊ.’ कुणीतरी उदबत्ती लावली, सगळे उभे राहिले. शांतता संपते न संपते तोच ग्रंथपाल ताजं मासिक घेऊन आले, ‘गुरुजी, ह्यात तर त्यांची मुलाखत हाय!’ मुख्याध्यापकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझी नोकरी मला प्रवरेत वाहून जाताना दिसली. पाटील मात्र खुशीत म्हणाले, ‘मग ब्येसच की! जित्या मानसाच्या मरनाची आवई उठली, की त्याचं आयुष्य वाढतं. मास्तरांनी त्याचं भलंच केलं.’ मुख्याध्यापकांसकट सगळी सभा हसली आणि नोकरी वाचली. तो लेखक पुढं पुष्कळ वर्षं जगला, लिहीत राहिला. त्यातली निदान दहा वर्षं आम्ही कोल्हारकरांनी दिलेली आहेत, असं माझं आजही प्रामाणिक मत आहे.