विहीण पळवणारा मुराळी

माझ्या वडिलांना गप्प बसायचा सराव नव्हता. समोर माणूस नसेल तर ते बैलांशी बोलत, आणि बैल चरायला गेले असतील तर रिकाम्या दावणीशी. म्हणून पुढे जे घडले त्याचे गावाला नवल वाटले, आईला आणि मला मुळीच नाही.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी झोके खेळायला येतात. लेकीला आणायला जातो तो मुराळी. हे काम भावाचे. मला भाऊ नव्हता, तेव्हा वडीलच दमणी, म्हणजे छपराची बैलगाडी, जुंपून, तापी ओलांडून शहाद्याकडे माझ्या सासरी यायचे. बाप कुठे मुराळी असतो का, म्हणून लोक चिडवत. "मी शे ना," मी आहे ना, म्हणून ते बैलांना चुचकारत.

हे घडले त्याच्या आदल्या वर्षी सासूबाईंनी मला धाडले नव्हते. मी पोटुशी होते आणि वैशाखाचे ऊन होते. त्यांचे काही चुकले नव्हते. पण रिकामी दमणी घेऊन परत जाणारा बाप मी पाहिला होता, त्यामुळे त्यांचे बरोबर असणेही मला सहन होत नव्हते. यंदा कडेवर मुलगा होता. वडिलांनी अजून नातवाला नीट मांडीवर घेतलेही नव्हते. यंदाही नाही म्हणाल्या असत्या तर मी काय केले असते कोण जाणे. पण बऱ्याच उसाशांनंतर त्यांनी होकार दिला आणि रात्री मुराळ्याला रस्सा-भाकरी वाढली.

सकाळी दमणी दारात उभी राहिली. वडिलांनी बैलांच्या गळ्यात नव्या घुंगुरमाळा बांधल्या होत्या आणि उन्हासाठी छपराला पुढून-मागून आईच्या जुन्या लुगड्याचे पडदे लावले होते. विहिणीपुढे मान वर करायची नाही ही त्या काळची रीत, म्हणून ते तोंड फिरवून पुढे बसले होते. मी मुलाला घेऊन देवापुढे कुंकू लावायला आत गेले. तेवढ्यात सासूबाई, सुनेला नीट गोधडी अंथरता येत नाही या खात्रीने, स्वतः दमणीत चढल्या. गाडी मागे दबली, बांगड्या वाजल्या. वडिलांना वाटले, लेक बसली. त्यांनी कासरा हलवला आणि बैल सुटले.

मी बाहेर आले तर दारात नुसती धूळ. माझे यजमान शेताच्या बांधापर्यंत ओरडत धावले, पण घुंगरांपुढे त्यांचे काय चालणार! समोरच्या ओट्यावरची म्हातारी हसून लोळायची बाकी राहिली.

"याहीनी इहीन पळाडी वं माय!" व्याह्याने विहीण पळवली, असे ती गल्लीभर सांगत सुटली.

सासरे मिशीआड हसले, तेही जरा जास्तच आनंदाने. आता सासूबाई परत येतील त्या पेटूनच, आणि माझे माहेर जन्माचे तुटले, हे मी मात्र धरून चालले.

दमणीत काय झाले ते वडिलांनी कधी तोंडातून काढले नाही. सासूबाईंनी मात्र पुढे प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला ते सांगितले. विहिणीने व्याह्याशी थेट बोलायचे नाही, म्हणून आधी त्या गप्प बसल्या. इतक्यात पडद्यापलीकडून आवाज आला, "माय, रडू नको. आते तुन्ही सासू मांगे ऱ्हायनी."

मग त्यांनी गप्प बसायचेच ठरवले. "सुरवातले लाज वाटनी, मंग गोडी वाटनी," असे त्या सांगत.

वडील सुटलेच होते. "तिनी रात्रे रस्सामा इतली मिरची टाकी, माले वाटनं, मुराळी जित्ता परत जावाले नको असं तिना मनमा शे. नातू झोपना का? झोपू दे." थोडे पुढे गेल्यावर आवाज उतरला. "मांगला साल तुन्ही मायनी निंबले झोका बांधा. तू उनी नही. मी तो काढाच नही. लोके हासनात. हासू दे. हाई घर मीच पसंत करं ना वं. तू वाळी गयी. मन्हं चुकनं का?"

उत्तर आले नाही. लेक रुसली असे समजून ते तापीच्या वाळूपर्यंत मुकाट राहिले. त्यांच्या आयुष्यात बहुधा तेवढेच. नदीवर बैल सोडून त्यांनी पडदा सारला आणि दोन्ही हात पुढे केले, "दे, पोऱ्याले मन्हाकडे दे."

आतून उत्तर आले, "पोऱ्या घर शे. मीच उनू."

ऊन चढल्यावर दमणी परत आली. वडील कासरा धरून पायी चालत होते आणि त्यांचा चेहरा बघवत नव्हता. सासूबाई उतरल्या, पदर सारखा केला आणि माझ्यावर खेकसल्या, "दखस काय? बस लवकर. झोका वाट दखी ऱ्हायना."

कसला झोका, हे मला माहेरी पोचल्यावर कळले.

तेव्हापासून आखाजीला नाही म्हणायची कोणाची टाप नव्हती. सासूबाई रस्सा मुद्दाम आणखी जहाल करत आणि दाराआडून विचारत, "मिरची पुरनी का, मुराळी?" वडील डोळ्यांतले पाणी पुसत मान हलवत आणि पुन्हा भाकरी मागत. नातू मोठा झाल्यावर ते त्याला पुढे शेजारी बसवत आणि निघण्यापूर्वी पडदा उचलून आत कोण आहे ते त्याच्याकडून पाहून घेत.

एका हिवाळ्यात ते गेले. वैशाख आला. गेलेल्या माणसाच्या नावाने आखाजीला घागर भरतात. वडिलांची ती पहिलीच घागर होती, आणि मला न्यायला येणारे आता कोणी नव्हते. हे कोणाला सांगणार?

आखाजीच्या आदल्या सकाळी दारात आमचीच गाडी जुंपलेली. सासूबाई आत न बसता पुढे, हाकणाऱ्या गड्याशेजारी बसल्या होत्या, बाप्यासारख्या. गाव बघत होते. त्यांनी बघू दिले.

माहेरच्या दारात आई भाकरतुकडा ओवाळायला आली आणि माझ्याऐवजी गाडीच्या पुढल्या जागेकडेच पाहत राहिली. सासूबाई खाली उतरल्या.

"आंडेर लयी उनू, इहीन," लेक आणल्याची वर्दी देत त्या म्हणाल्या. "मुराळीले पानी द्या."

वडील गेल्यापासून आई रडली नव्हती. ती तेव्हा त्यांच्या गळ्यात पडून रडली.