पाचवं दशक

काल संध्याकाळी साडेसातला आमच्या घरच्या आल्तारापुढे, म्हणजे वेदीपुढे, प्रार्थनेला हजर मी एकटा. पूर्वी घरात माणसं पाच आणि रोझरीच्या माळेवर दहा-दहा प्रार्थनांची दशकंही पाच, म्हणून प्रत्येकाला एक यायचं. आता आई-बाबा देवाघरी आहेत, बायको मुलीच्या बाळंतपणाला परदेशी गेली आहे. "नमो मरिये" अर्धी म्हणून मी सवयीनं थांबतो, पन्नास वेळा. उरलेली अर्धी उत्तरादाखल म्हणायला कुणी नसतं, म्हणून तीही मीच म्हणतो.

काल चौथ्या दशकात नकोसं झालं. गप्प बसलो. तेवढ्यात भिंतीपलीकडून फिलूमावशी बोलल्या. त्याही एकट्याच राहतात.

"अरे, थांबलास का? मी रोज उत्तर देते."

"कधी ऐकू नाही आलं, मावशी."

"तू दोन्ही बाजू म्हणतोस, ऐकू येणार कसं?"

मी खिडकी उघडली. चौथं संपवलं आणि पाचवं त्यांना दिलं.